सुंद्राआत्या आणि जस्ताच्या गोळ्या

"सुंद्रे, बोल. आज तरी बोल. काय म्हणत हुतीस त्या दिवशी?"

अण्णांनी गिरणीचं बटण बंद केलं होतं. पट्टा थोडा वेळ आपला आपणच फिरला आणि थांबला. दुपारच्या जेवणाच्या वेळेला दळणाला कुणी येत नसे, ती वेळ साधून अण्णा माझ्यासमोर उकिडवे बसायचे. भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर, सगळीकडे पीठ. मी भिंतीला टेकून रिकाम्या पोत्यांवर बसलेलो.

"म... मी... रे... रेवण," मी म्हणायचो.

म्हणायचो म्हणजे म्हणायचा प्रयत्न करायचो. दोन शब्द, पण तोंडाबाहेर पडेपर्यंत त्यांची लापशी व्हायची. जीभ जड, जबडा सैल, त्यात लाळ. अण्णा कान पुढे करून ऐकायचे.

"काय? मी म्हणालीस, व्हय? मी... आनि पुढं? पुढचं म्हण की गं."

मी तेव्हा बाविशीचा होतो. मिशी होती, बी.कॉम.चं सर्टिफिकेट होतं, रेवणसिद्ध असं भारदस्त नाव होतं. तरी आमच्या घरात ठरून गेलं होतं, की माझ्या अंगात माझी आत्या आहे.

ही गोष्ट जत तालुक्यातल्या आमच्या गावची, पंचवीसेक वर्षांपूर्वीची. सुंद्रा ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, धाकटी बहीण. माझ्या जन्माच्या पुष्कळ आधी, लग्नाच्या वयात वारली. कशानं, असं विचारलं की घरातले "आजारानं" म्हणायचे आणि उठून कामाला लागायचे. तिचा फोटो नव्हता. तिचं नाव घरात मी लहानपणी फार तर दोनतीनदा ऐकलं असेल. आणि आता मात्र उठताबसता तिचं नाव, तेही मला उद्देशून.

सुरुवात माझ्या हातांपासून झाली. बँकेतल्या माणसानं माझी सही परत पाठवली. म्हणाला, "अहो, ही तुमचीच का? कोंबडीचे पाय उमटलेत." मी हसण्यावारी नेलं. मग चहाची बशी वाजायला लागली. मग दळणाचा डबा वरच्या पेटीत ओतताना अर्धी ज्वारी जमिनीवर. मग बोलणं. आधी लोकांना वाटलं पोरगं प्यायला लागलं. अण्णांनीही एकदा माझ्या तोंडाचा वास घेतला.

आणि मग दौलूकाकांच्या मयतीत मला हसू फुटलं.

दौलूकाका आमच्या शेजारचे. मला त्यांनी सायकल शिकवली होती. तिरडी उचलताना माझे डोळे भरून आले, आणि तोंडातून बाहेर पडलं ते खदाखदा हसू. आवरेना. मी तोंडात टॉवेल कोंबला तरी हसतच होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होतो. त्या दिवशी माझी जी अवस्था झाली ती मी कुणालाही समजावून सांगू शकलेलो नाही. बायका मागे सरकल्या. दौलूकाकांचा मुलगा माझ्या अंगावर धावून आला.

अण्णा मध्ये पडले. मला वाटलं आता फाडकन कानाखाली बसणार. पण त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, उन्हाकडे वळवलं आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले. माझ्या बुबुळांभोवती तेव्हा एक पिंगट कडं आलं होतं. आईनं ते आधीच पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"सुंद्री," अण्णा म्हणाले. हळूच म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ. मग सल्ले सुरू झाले. अमक्या देवरुष्याकडे न्या, तमक्या ठिकाणी पाच अमावास्या करा. अण्णा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "न्हाई. कुणाकडं बी न्हेणार न्हाई." लोक म्हणायचे, शिवलिंगअण्णा सुधारलेला माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही. मलाही त्यांचा तेव्हा अभिमान वाटला होता. देवरुष्याकडे नेलं की आत्या निघून जाईल, आणि अण्णांना ती जायला नको होती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

खरं सांगतो, मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. आपलाच हात आपलं ऐकत नाही, नको तेव्हा आपलंच तोंड हसतं, म्हणजे हे हात आणि तोंड दुसऱ्या कुणाचं तरी असलं पाहिजे, असं मन म्हणायला लागतं. आरशासमोर उभा राहिलो की ते पिंगट कडं माझ्याकडे बघायचं. मी दाढी करणं सोडून दिलं. हात थरथरत होते हे कारण होतंच, पण आरसा नको वाटायचा हे जास्त खरं.

बाळाप्पामामा नागपंचमीला आईला न्यायला आला. आईचा धाकटा भाऊ, मिरजेला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. जेवायला बसला आणि माझ्याकडे बघतच राहिला. माझा घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा मांडीवर पडत होता.

"आक्का, हे कवापास्नं?"

आई माझ्या मांडीवरचं सांडलेलं वेचायला लागली.

"दाजी, मी इचारतोय. कवापास्नं? डाक्टरला दावलं का?"

"ते डाक्टरचं काम न्हवं," अण्णा म्हणाले.

"इंजिन धूर ओकायला लागलं तर आमी आधी उघडून बघतो. पूजा घालत न्हाई. उद्या ह्याला घिऊन मी चाललो मिरजंला. तुमी या नायतर येऊ नका."

अण्णा आले. आईही आली. अण्णा इतक्या मुकाट्यानं कसे आले, ह्याचं मला नवल वाटलं होतं. एसटीत ते माझ्या शेजारी बसले आणि माझा थरथरणारा हात त्यांनी वाटभर आपल्या हातात धरून ठेवला.

मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्यात आमचा नंबर लागला. तपासणाऱ्या बाई होत्या, डॉक्टर नाबर. ठेंगण्या, चष्मेवाल्या, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांनी मला नाकाला बोट लावायला सांगितलं, मी ते गालावर मारलं. लिहायला सांगितलं. जीभ बाहेर काढायला सांगितली. पोट दाबून पाहिलं. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन एका यंत्रावर हनुवटी टेकायला लावली आणि माझ्या डोळ्यांवर प्रकाशाची बारीक पट्टी सोडली.

"हे कडं कधीपासून आहे?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

अण्णांनी इथं तोंड उघडलं. मला वाटतं, डॉक्टरीणबाईंना एकदाचं गप्प करावं, हा त्यांचा विचार होता.

"बाई, तुमी उगं तरास घिऊ नका. ह्ये दुकनं न्हवं. माजी भैन हाय ती. तिचं डोळं शेवटाला असंच पिंगट झालं हुतं. असंच हात हालायचं. अशीच लाळ गळायची, असंच हासायची. बोललेलं कळायचं न्हाई. आता तुमीच सांगा, ह्ये तिचं सगळं ह्याच्या अंगात कुठनं आलं?"

डॉक्टर नाबर यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बहिणीचं वय काय होतं?"

"एकोनिसावं सरलं न्हवतं."

"आणि तुमच्या मिसेस? तुमचं लग्नाआधीचं काही नातं?"

"मामाची पोरगी."

बाईंनी मान हलवली. मग त्या उठून अण्णांच्या शेजारच्या बाकावर येऊन बसल्या. डॉक्टर असं कधी करत नाहीत.

"तुम्ही जे सांगितलं ना, त्यानं माझं निम्मं काम झालं," त्या म्हणाल्या. "आता रक्त आणि लघवी तपासू, पण मला फारशी शंका नाही. ते तुमच्या बहिणीचंच आहे. तुमचं म्हणणं बरोबर आहे. फक्त ते भूत नाही, आजार आहे. तिला होता, तोच ह्याला आहे."

तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हांला सगळं समजावून सांगितलं. रोज खाण्यातून थोडं थोडं तांबं आपल्या पोटात जातं. लागेल तेवढं ठेवून उरलेलं बाहेर टाकायचं काम लिव्हरचं. माझ्या लिव्हरला ते जन्मापासूनच जमत नव्हतं. मग तांबं साचत जातं. लिव्हरला सूज येते, तिथून ते रक्तात, मेंदूत, डोळ्यांत उतरतं. जिथं साचतं तिथल्या पेशींना आतून जाळत राहतं. "लोखंडाला गंज खातो ना, तसं समजा," त्या म्हणाल्या. आईकडून आणि वडलांकडून, दोन्हीकडून वारसा आला तरच हा आजार होतो. नात्यातल्या लग्नात तसं जुळून यायची शक्यता जास्त.

"मग औशद?" मामानं विचारलं.

"जस्त. झिंकच्या गोळ्या."

"पत्र्याला चढवत्यात त्ये जस्त?"

"तेच, पण पोटात घेण्यासारखं केलेलं. ते आतड्यातच तांब्याला धरून ठेवतं, पुढे जाऊ देत नाही. साचलेलं हळूहळू उतरतं, आतली जळजळ कमी होते, सूज कमी होते. जेवणाआधी रिकाम्या पोटी घ्यायच्या. मळमळेल, तरी घ्यायच्या. तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद. काजू, कलेजी बंद. महिने लागतील. पण एक ऐका." त्यांनी माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं. "हे जन्मभराचं आहे. मध्येच बंद केलं तर हा मागे जाईल, आणि मागे गेला की परत येईलच असं नाही. जीवसुद्धा जाऊ शकतो."

अण्णा जमिनीकडे बघत होते.

"आनि ह्येचं बोलनं?" त्यांनी विचारलं.

"सुधारेल. बरंच सुधारेल."

सुंद्रा वाचली असती का, हा प्रश्न आम्हां सगळ्यांच्या तोंडावर आला होता, डॉक्टरीणबाईंच्याही. कुणी तो विचारला नाही.

गोळ्या प्लास्टिकच्या डबीत घालून आईनं भिंतीतल्या देवळीत ठेवल्या. रोज ती हातात पाण्याचा स्टीलचा पेला घेऊन माझ्या उशाशी उभी राहायची. गोळी पोटात गेली की काही वेळानं पोट ढवळून यायचं, तोंडाला धातूची चव यायची. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. तांब्याचा हंडा मामा आपल्याबरोबर घेऊन गेला होता. त्याच्या जागी आलेला स्टीलचा हंडा घरात पाहुण्यासारखा दिसायचा.

आणि दुपारी अण्णा समोर येऊन बसायचेच. आता जास्त घाईनं विचारायचे. "सुंद्रे, येळ ऱ्हायला न्हाई. सांग की गं. काय म्हणत हुतीस?"

त्यांना डॉक्टरांचं पटलं नव्हतं असं नाही. पटलं होतं, म्हणूनच त्यांची झोप उडाली होती. आजार म्हटलं की सुंद्रा कुठंच नव्हती, मग विचारायचं कुणाला?

एके दिवशी देवळीत डबी नव्हती.

आईनं सगळं घर शोधलं. भांडी उतरवली, अंथरुणं झटकली. मला विचारलं तर मी फक्त मान हलवली. दुसऱ्या दिवशीही डबी सापडली नाही. तिसऱ्या दिवशी आई चुलीपुढे बसली होती ती एकाएकी उठली, पदर खोचला आणि तरातरा गिरणीत गेली. मी भिंत धरत तिच्या मागे गेलो. गिरणी चालू होती आणि पेटीत दाणा नव्हता. आईनं बटण खाली ओढलं.

"गोळ्या कुठं हायत?"

"घरात असत्याल."

"कोपरीच्या खिशात काय हाय तुमच्या?"

अण्णांचा हात खिशावर गेला. तिथंच सगळं कळलं.

"थोडं दिस," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या मागणाऱ्यासारखा झाला होता. "थोडं दिस थांब म्हणतोय मी. एकदा तिला बोलू दे. मग मी सोता देतो त्याला गोळ्या. गोळ्या घातल्यावर ती जाणार."

"सुंद्री मेलीया!"

"मला म्हाईत हाय."

"तुमाला म्हाईत हाय? मला म्हाईत हाय ती कशी मेली ते!" मग ती जे म्हणाली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "शिवू, मी हितंच हुते. सुट्टीला आले हुते आत्याकडं. ल्हान हुते, पर हुते."

नवऱ्याचं नाव तिनं घेतलं होतं. त्या घरात सून म्हणून येण्याआधी, परकरातली मुलगी असताना ती त्याला हाक मारायची तशी.

"त्यो देवरुषी म्हणला, आतलं भूत नाव सांगंस्तोवर हिला अन्नपाणी देऊ नगा, कोंडून ठेवा. आत्या, तुजी आई, देवापुढं बसून ऱ्हायली. तू सुंद्रीला ह्या मागच्या खोलीत घातलंस. ती आतनं दार वाजवत हुती. काय तरी म्हणत हुती, तेच तेच, पुन्ना पुन्ना. जिभंमुळं कळत न्हवतं. आनि तू काय केलंस? गिरणीचं तवाचं इंजिन चालू केलंस. दळान न्हवतं, शिवू. एक मूठ दाणा न्हवता. रिकामी दगडं घासत हुती एकमेकांवर दिवसभर."

"मला ऐकवत न्हवतं," अण्णा म्हणाले.

"सांजच्याला बंद केलंस, तवा आतनं आवाज येत न्हवता."

अण्णा पेटीला धरून उभे होते. मला त्यांच्याकडे जायचं होतं. सुंद्राआत्यासाठी, अण्णांसाठी, परकर घातलेल्या त्या लहान मुलीसाठी मला रडायचं होतं. मी तोंड उघडलं.

आणि मी हसलो.

तेच हसू. खदाखदा, वाकून, थांबता न येणारं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, भिंतीवर डोकं आपटलं, तरी ते बाहेर येतच राहिलं. त्या बंद गिरणीत ते मोठं व्हायला लागलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांचा चेहरा पिठानं पांढरा होताच, आता तो कुणाचाच वाटेना. त्यांचा हात बटणाकडे गेला. मी पाहिलं, आईनंही पाहिलं. तो हात बटणावर थोडा वेळ थांबला.

मग त्यांनी तो खाली घेतला, खिशातली डबी काढली आणि आईच्या हातात दिली. माझं हसू थांबेपर्यंत ते तिथंच उभे राहून ऐकत राहिले.

त्यानंतर अण्णांनी विचारणं बंद केलं. जेवणाच्या वेळेला गिरणी बंद करून ते मागच्या खोलीत जायचे आणि भुशाच्या पोत्यांवर बसायचे. दार उघडं ठेवायचे. आम्ही कुणी त्यांना हाक मारायचो नाही.

गोळ्यांनी आपलं काम केलं, पण फार सावकाश. आधी लाळ थांबली. मग रात्रीचं अंग आखडणं कमी झालं. पेला दोन्ही हातांनी धरता यायला लागला, मग एका हातानं. ते मेलं हसू कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही. थंडीच्या दिवसांत एकदा शेवंताकाकू डबा घेऊन आल्या, तेव्हा गिरणीत मी एकटाच होतो.

"बारीक का जाडं?" मी विचारलं.

"बारीकच. भाकरीचं हाय," त्या म्हणाल्या आणि बाकावर टेकल्या.

त्यांना पुन्हा विचारावं लागलं नव्हतं. काही विशेष घडलंय हेही त्यांना कळलं नव्हतं. मी दळण लावलं आणि मागे जाऊन ढसाढसा रडलो. नुसतं रडू आलं, त्यात हसणं नव्हतं, म्हणून आणखी रडलो.

पुढच्या पंचमीला आई माहेरी गेली. मामा न्यायला आला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "इंजिनाचा आवाज सुदारलाय," आणि त्याला स्वतःलाच भरून आलं. आई जाताना गोळ्यांचं दहादा बजावून गेली.

त्या दुपारी अण्णांनी गिरणी बंद केली, पण ते मागच्या खोलीत गेले नाहीत. हात धोतराला पुसत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वर्षभरात फार वाळले होते.

"रेवण, एक इचारू?"

"इचारा की."

"ती हाय का रं अजून? थोडी तरी? डाक्टरीणबाई म्हणाल्या हुत्या, सगळं तांबं काय निघून जात न्हाई."

मला नाही म्हणता आलं असतं. मी आता शहाणासुरता होतो, माझ्या सहीला बँकेनं पुन्हा मान्यता दिली होती. अण्णा, आत्या कधीच नव्हती, ते माझं लिव्हर होतं, असं मी स्वच्छ सांगू शकलो असतो. पण ते इतक्या आशेनं बघत होते, की मी मान डोलावली.

ते उकिडवे बसले. गुडघे वाजले.

"सुंद्रे," ते म्हणाले. "तुला ऐकलं न्हाई मी. इंजिन लावलं. आता बंद हाय बग. काय म्हणत हुतीस?"

मी गेलं वर्षभर मनात ह्याचं उत्तर जुळवत होतो. जे कुणाही बहिणीनं म्हटलं असतं तेच.

"दादा," मी म्हणालो, "मला तुझा राग आला न्हवता. मला भ्या वाटत हुतं, तेवढंच मी सांगत हुते. तू न्हाई काय केलंस. तुलाबी भ्या वाटत हुतं."

शब्द न शब्द स्वच्छ आला. इतकं सलग मी आजारानंतर पहिल्यांदाच बोललो असेन.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मान हलवली.

"न्हाई रं बाळा," ते म्हणाले. "सुंद्री एवढं स्वच्छ बोलत न्हवती."

रागानं नाही बोलले. मी देऊ केलेलं त्यांनी हलक्या हातानं परत केलं, इतकंच. जमिनीवर हात टेकून ते उठायला लागले, आणि त्यांची ती वाकलेली पाठ मला बघवेना.

मी त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. डोळे मिटले. आणि जबडा सोडून दिला. ज्या जिभेला मी महिनोन्‌महिने एकेक अक्षर शिकवलं होतं ती मी सैल टाकली. तोंडात लाळ जमू दिली. आणि मग मी बोललो. काय बोललो ते मला आजही सांगता येणार नाही, त्यात शब्द नव्हतेच. जड, ओला, तुटका आवाज, तोच तोच, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला तो मी काढत होतो. मग तो येत राहिला.

अण्णांनी कान माझ्या तोंडाला लावला. त्यांची दाढी माझ्या गालाला टोचत होती. ते मध्येच "हं" म्हणायचे. "हं... हं." मागच्या खोलीचं दार उघडं होतं.

मी थांबलो तेव्हा माझा गाल ओला झाला होता, त्यांच्या अश्रूंनी की माझ्या लाळेनं ते ठाऊक नाही.

"कळलं," अण्णा म्हणाले. "कळलं गं, सुंद्रे."

ते उठले, बाहेर गेले, पायरीवर बसून तोंड धुतलं. माझी जीभ पुन्हा ताब्यात यायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मी जितका भ्यालो तितका अख्ख्या आजारात भ्यालो नव्हतो.

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले. सुंद्राआत्याचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, मागच्या खोलीतही बसले नाहीत. मी अजून गोळ्या घेतो, लग्न झालं, पोरं झाली. अण्णा शेवटच्या दुखण्यात असताना एकदा मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, की अण्णा, त्या दुपारी तुम्हांला काय कळलं? ती काय म्हणत होती?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलवले. पण तेव्हा त्यांचीही जीभ गेली होती, आणि ते काय म्हणाले ते मला कळलं नाही.